मुंग्याच बऱ्या होत्या

'डिजिटल' हा शब्द उच्चारताना माणसाची मान आपोआप ताठ होते. त्याविरुद्ध ब्र काढणारा लगेच बैलगाडीच्या जमान्यातला ठरतो. ठरू द्या! तलासरीची बाजू मांडायची तर बैलगाडीत बसायची माझी तयारी आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. वरळीचा मनोरा चांगला ३०० मीटर उंच. पण तलासरी तिथून सव्वाशे किलोमीटर, आणि पृथ्वी पडली गोल! मनोऱ्याची लहर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर क्षितिजाआड जाते. तरीही अशा काठावरची माणसं उंच पाइप, अँटेना, बूस्टर आणि कौलांवर चढवलेला एक आज्ञाधारक भाचा एवढ्या सामग्रीवर चित्र ओढून आणायची. पडद्यावर मुंग्या असायच्या, एका निवेदिकेच्या दोन दिसायच्या. पण बातमी कळायची. जुन्या लहरीचा न्याय साधा होता: जेवढी हाती येईल तेवढी तुमची.

डिजिटल लहर म्हणजे कडक हेडमास्तर. पस्तीस मार्क असतील तर चित्र आरशासारखं लख्ख. चौतीस पडले की आधी पडद्यावर चौकोन, मग काळोख. ग्रेस मार्कांची सोय नाही. आणि हे जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली सुरू झालं कुठे? मुंबईसारख्या निवडक शहरांत! पुढे २०२२पर्यंत देशातले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. मुंग्या गेल्या, जाताना चित्रही घेऊन गेल्या.

'अहो, मग छपरावर डिश लावा की!' असं शहरातले शहाणे म्हणतात. लावली. दूरदर्शनची बिनभाड्याची डिश २००४पासून आहे आणि ती चांगलीच आहे. पण मुसळधार पावसात उपग्रहाची लहर थेंबांत विरून जाते. जमिनीवरची लहर मात्र पावसाला भीक घालत नाही. म्हणजे वादळाचा इशारा ऐकायची वेळ आली की नेमकी डिश रुसणार! ज्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि माणसं थंडीत घराबाहेर झोपली, तिथे बातमी म्हणजे जेवणानंतरचा विडा नव्हे.

बरं, मागणं चंद्राचं नाही. वाहिन्यांची गर्दी कमी केली, तर हीच डिजिटल लहर अधिक चिवट करता येते आणि ती लांबवर पोचते. मध्ये एखाद्या टेकडीवर छोटा प्रक्षेपक बसवला की क्षितिजाचाही प्रश्न मिटतो. तंत्र तयार आहे. काठावरची माणसं मोजायची तयारी तेवढी हवी.

शहरांना डझनभर लख्ख वाहिन्या लखलाभ होवोत. आम्हाला एकच द्या, पण पावसात टिकणारी. मुंग्या आमच्या आम्ही आणू!