पाच रुपयांची पुडी आणि विडी कामगाराचे मूल

स्थूलपणा आणि रक्तदाब ही शेटजींच्या घरची दुखणी, हा समज आपल्या चळवळीत अजून घट्ट आहे. तो आता सोडला पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले हडकुळी आणि ५ टक्के अतिवजनाची आढळली; उच्च रक्तदाबही सुमारे ५ टक्क्यांना होता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले. खुरटलेल्या मुलांचे प्रमाण मात्र ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. भूक हटली नाही. तिच्या शेजारी दुसरा रोग येऊन बसला.

हे दोन्ही रोग एकाच मुळाचे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील अर्भके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची भरली. आपली अर्भके हाडामांसाने फार कमी, चरबीने मात्र तितकी कमी नव्हती. पोटातच उपासमार सोसलेल्या अशा मुलाला पुढे साखर, मीठ आणि तेल मुबलक मिळाले, तर मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढतो.

सोलापुरात हे सारे पुरवणारी व्यवस्था तयारच आहे. आई हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळवते, बाप यंत्रमागावर राबतो. चूल पेटवायला उसंत नसलेल्या घरात पाच रुपयांची पुडी मुलाची समजूत घालते. दोष आईचा नव्हे; तिचा वेळ लुटणाऱ्या मजुरीचा आणि ती पुडी गल्लोगल्ली पोचवणाऱ्या कंपन्यांचा आहे. ज्वारीचे कोठार म्हणवणाऱ्या जिल्ह्यातील कामगाराच्या ताटातून भाकरी हटावी, हीच या अर्थव्यवस्थेवरील टीका होय.

शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत असे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील शाळेपुढे ते पन्नास मीटर मोजून पाहावेत. मात्र या नियमाचा दंडुका गाडेवाल्याच्या पाठीवर पडता कामा नये. त्याला शेंगदाणे, फुटाणे व चिक्की विकण्यास साह्य द्यावे. शालेय आहारात भाकरी व डाळ, शाळेच्या तपासणीत रक्तदाबाची नोंद, वस्तीत खेळाचे मैदान आणि विडी कामगारास पोटापुरती मजुरी, या मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या पाहिजेत. मुलांचे आरोग्य हा मजुरीच्या लढ्याहून वेगळा प्रश्न नाही.