यजमानाची वही

आमच्या आजीची एक लाल कापडी बांधणीची वही होती. चातुर्मासात गावच्या देवळात कीर्तनं व्हायची आणि बुवांची उतरायची सोय आमच्या माडीवर असायची. त्या वहीत कीर्तनाविषयी एक अक्षर नाही. निरूपणाला अभंग कोणता घेतला, उत्तररंगात कुठलं आख्यान लावलं, कशाचाच पत्ता नाही. नोंदी आहेत त्या अशा: बुवांना रात्री ताक चालत नाही. सुंठ संपली, मागवणे. पेटीवाल्याला दमा, त्याचं अंथरूण खालच्या खोलीत. नारळ, धोतरजोडी, बिदागी. बिदागीच्या आकड्यावर एकदा खाडाखोड आहे. मूळ आकडा वाढवला की कमी केला, ते आता कळत नाही.

गाणाऱ्यांची आणि कीर्तनकारांची आयुष्यं हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला, तेव्हा मला प्रथम ही वही आठवली.

या बाबतीत मराठी भाषा भाग्यवान आहे. गोविंदराव टेंबे स्वतः पेटी वाजवत, नाटकांतून कामं करत, चाली बांधत. आणि अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र लिहायलाही त्यांनी वेळ काढला. बी. आर. देवधरांनी 'थोर संगीतकार' लिहिलं. ही माणसं पुढच्या रांगेत बसून ऐकणारी होती आणि ऐकलेलं कागदावर उतरवणारीही. तरी त्यांच्यामागून आलेल्या आपण वाचकांनी उचललं काय, तर किस्से. अमुक खाँसाहेब भर बैठकीतून उठून गेले, तमुक बुवांनी तंबोरा जुळेपर्यंत दोन तास घालवले. कलावंताचं लहरीपण आपल्याला फार आवडतं. पण तशा प्रत्येक किश्श्यात खोलीत आणखी एक माणूस असतो. उठून गेलेल्या खाँसाहेबांच्या मागे चपला घेऊन धावणारा. त्याचं पुढे काय झालं हे किस्सा सांगत नाही.

हा माणूस ठसठशीत दिसतो तो कुरुंदवाडला. नरसोबाची वाडी ओलांडली की नदीपलीकडे हे गाव. इथल्या संस्थानिकांच्या पदरी विष्णुपंत छत्रे होते. ते मूळचे अंकलखोपचे. ग्वाल्हेरीस जाऊन त्यांनी दोन विद्या शिकल्या: घोडे फिरवायची आणि गाण्याची. गाण्याचे गुरू साक्षात हद्दूखाँ. घोडे वश झाले, गाणं काही झालं नाही. मुंबईत इटालियन किआरिनीची सर्कस पाहून पंतांनी आपली सर्कस उभी केली आणि मार्च १८८० मध्ये पहिला खेळ लावला. हिंदी सर्कशीचे जनक म्हणून त्यांचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. आमच्या लेखी त्यांची खरी करामत निराळी आहे.

हद्दूखाँ गेले, थोरला मुलगा महंमदखाँही गेला. धाकटा रहिमतखाँ अफूच्या नादी लागून भरकटला. तो काशीत दैन्यावस्थेत सापडला आणि पंतांनी त्याला उचलून सर्कशीबरोबर घेतलं. हत्ती, वाघ, घोडे, कसरतपटू आणि त्यांच्यात एक ग्वाल्हेरचा गवई, असा तो तांडा हिंदुस्थानभर फिरला. सर्कशीचा जिथे मुक्काम, तिथे खाँसाहेबांची बैठक. माणूस भान हरपलेला. भोवती कोण बसलंय, कुठलं गाव आहे, याची दखलही नसायची म्हणतात. सूर मात्र असा की लोकांनी त्याला भूगंधर्व म्हटलं. १९०५ मध्ये विष्णुपंत वारले. इथे गोष्ट संपायला हवी होती, कारण ऋण गुरूचं होतं आणि ते फेडणारा गेला. पण धाकटे बंधू काशीनाथपंत यांनी रहिमतखाँना तसंच सांभाळलं. १९२२ मध्ये खाँसाहेबांनी डोळे मिटले ते कुरुंदवाडातच.

अखेरच्या वर्षांत त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. वय झालेला, किंचित थरथरता, तरी आरपार जाणारा आवाज. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गाण्यातली आर्तता कुठून आली, या प्रश्नाचं एक उत्तर जाणकार त्या तबकड्यांकडे बोट दाखवून देतात. मग मधली वीस-पंचवीस वर्षं रहिमतखाँना वेळेवर जेवू घालणाऱ्याचा किराणा घराण्याच्या इतिहासात काही वाटा आहे की नाही? घराण्याच्या वंशवृक्षात गुरू असतात, शिष्य असतात. स्वयंपाकघराला त्यात फांदी नाही.

त्याच कुरुंदवाडला १८७२ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. वडील कीर्तनकार. फटाक्याच्या दारूने पोराचे डोळे अधू झाले आणि कीर्तनकाराच्या घरी मागे टाळ धरून उभा राहणारा हा मुलगा उपचारांसाठी मिरजेला गेला. (दिवाळी अंकात ही गोष्ट छापताना हात जरा अडखळतो खरा.) पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम झाली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं. हा सगळा पट सर्वांना माहीत आहे, त्यावर इथे थांबत नाही.

थांबायला हवं ते ताराबाई मान्यांपाशी. बडोद्याच्या सरदार घराण्यातली ही मुलगी अब्दुल करीमखाँसाहेबांबरोबर घर सोडून निघाली. पाच मुलं झाली. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य घरातच राहत. तेव्हा त्या विद्यालयाचा संसार कोणाच्या माथी होता, हे वेगळं सांगायला नको. पुढे बिनसलं आणि बाई पाचही मुलं घेऊन बाहेर पडल्या. मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं, नावंही बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू झाला, चंपाकलीची हिराबाई. धाकटी सरस्वती, म्हणजे पुढच्या सरस्वती राणे. मुलांना गाणं शिकवायचं की त्या गाण्याचं नावही घरात नको म्हणायचं, दोन्ही रस्ते त्यांच्यापुढे उघडे होते. त्यांनी शिकवायचा रस्ता धरला. त्यामुळे किराण्याची एक मोठी धार बापाच्या नव्हे, आईच्या घरातून वाहिली. प्रभा अत्रे यांच्यापर्यंत ती येऊन पोहोचते ती सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडूनच. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रास मुलखातल्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर गेले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, दरवर्षी उरुसात तिथे देशभरचे गवई हजेरी लावतात. ताराबाईंच्या नावाने कुठे पणती लागते का, याची आम्ही बरीच विचारपूस केली.

यजमानालाच नकार देणारा एक कीर्तनकारही या अंकात आहे. गाडगेबाबा मानाने माडीवर उतरले नाहीत, बिदागी घेतली नाही, पाया कुणाला पडू दिलं नाही. गावात शिरल्यावर आधी खराटा, मग कीर्तन. तेही प्रश्न विचारत विचारत, ऐकणाऱ्यांकडूनच उत्तर काढत. त्यांच्यापुरती आजीची वही कोरीच राहिली असती. तरी त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या कीर्तनात कुणीतरी यंत्र नेऊन ठेवलं, म्हणून. पुढच्या महिन्यात बाबा गेले.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची आपली रीत आहे. यंदाच्या पानांत मोठी नावं आहेतच. त्याशिवाय अंक विकत कोण घेणार? पण लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती: गाणाऱ्याकडे बघता बघता जरा मागेही बघा. तंबोऱ्यावर बसलेली मुलगी, बैठकीच्या रात्री दहा माणसांचं पान वाढणारी वहिनी, टाळकऱ्यांच्या ओळीतला शेवटचा. काहींनी ऐकलं. काहींनी नेहमीचेच किस्से पाठवले आणि ते इतके फर्मास होते की आम्हीही छापले.

वाचकांकडे एक मागणं आहे. घरात अशी एखादी वही, पत्र, दुकानाची पावती असेल, तर तिची झेरॉक्स पाठवा. मूळ प्रत कृपया पाठवू नका. आजीची वही आम्ही एकदा एका अभ्यासकाला वापरायला दिली होती. वर तुम्ही वाचलं ते आठवणीतून लिहिलेलं आहे.