खोपडीच्या घरी कोण होतं?

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या मातीत आहेत, तिथे दारूचं दुकान नको, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटतो. पण १९८६-८७ साली याच जिल्ह्यात माणसं अँटेना फिरवून चित्र स्थिर करायची आणि एका दारुड्याची वाट बघत बसायची. दूरदर्शनवरच्या ‘नुक्कड’मधला खोपडी. समीर खक्कर यांनी तो असा उभा केला की जीभ जड, चाल डळमळती, पण मनाने निर्मळ असा तो माणूस सगळ्यांना आपला वाटायचा. मार्च २०२३ मध्ये खक्कर गेले, तेव्हाही लोकांना आठवला तो खोपडीच.

त्या काळात मी देवळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. गावात दारू नव्हती, म्हणजे कागदावर नव्हती. नाल्याच्या काठी मोहाचा सडवा पुरलेला असायचा, भट्टी कोण लावतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असायचं. आजही पोलिसांच्या ‘वॉश आउट’ मोहिमेच्या बातम्यांत तोच सडवा आणि तेच ड्रम असतात. बंदीमुळे आमच्याकडे दारूवर दोन झाकणं बसली, एक कायद्याचं आणि दुसरं लाजेचं. पिणं हाच गुन्हा. त्यामुळे नवरा पिऊन मारतो असं ठाण्यात सांगायचं, तर आधी त्याला आरोपी करायचं. तो आत गेला तर मजुरी कोण आणणार? म्हणून बायका गप्प राहत.

एका वर्षी स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका मुलाने खोपडीची नक्कल केली. मंडप हसून हसून लोळला. तो पडायचा, उठायचा, खिशात नसलेली बिडी शोधायचा, आणि मग अचानक वळून हात उगारायचा. हे हात उगारणं मी ‘नुक्कड’मध्ये कधी पाहिलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई मला म्हणाली, “बाई, हे काई नक्कल नाई. घरी पाह्यते, तेच करते तो.” तिने आवाज चढवला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. मुलाला बक्षीस मिळालं होतं, ते तिने पदराखाली धरलं होतं.

‘नुक्कड’ला मी दोष देत नाही. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी सायकलवाला, भिकारी, वायरमन असली माणसं मालिकेच्या मध्यभागी आणून बसवली आणि त्यांना मान दिला. दारुड्याला हाकलून न देता माणूस म्हणून वागवणारी ती गल्ली होती, आणि त्या काळच्या पडद्यावर हे धाडसच होतं. पण नाका म्हणजे घराबाहेरची जागा. दारूचा हिशोब चुकता होतो तो घरात. खोपडी मला आठवतो तो नाक्यावरचाच. त्याला भाकरी कोण वाढतं, त्याचे पैसे कुणाच्या डब्यातून जातात, हे प्रश्न त्या हसण्यात आमच्या मनात आलेच नाहीत. विनोद जे दाखवतो त्याला आपण आपलं मानतो, आणि जे दाखवत नाही ते नसल्यासारखंच होतं.

१९८४ च्या ‘हम लोग’ने घर दाखवलं होतं. ती विनोदी मालिका नव्हती, पण मनोहर श्याम जोशींच्या लेखणीत विनोद होताच. पिणारा बसेसर राम आणि सगळं सोसणारी भागवंती. निमूट सोसण्याने बाई आणि घर दोन्ही कसे झिजतात, हे दाखवायचा लेखकाचा हेतू होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार येऊन समजावूनही सांगायचे. तरीही एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संशोधकांनी या मालिकेचा अभ्यास केला, तेव्हा अनेक प्रेक्षकांना भागवंतीच आदर्श वाटत होती असं दिसलं. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या स्टाफरूममध्येही “बाई असावी तर अशी” हेच ऐकलं होतं. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’चंही असंच झालं. आर्ची बंकर या पात्राच्या वंशद्वेषावर लोकांनी हसावं म्हणून ते लिहिलेलं, पण ज्यांच्या मनात तोच द्वेष होता, त्यांना आर्ची बरोबरच बोलतो असं वाटलं.

मग विनोदाने असल्या विषयांना हात लावूच नये का? उलट, लावावाच, पण अर्ध्यावर सोडू नये. त्याचं पहिलं उदाहरण आपल्याकडेच आहे. राम गणेश गडकरी इथून जवळच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. त्यातला तळीराम हा मराठीतला सर्वांत हसवणारा दारुडा. त्याच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर भांडतात तो प्रवेश आजही पोट धरून हसवतो. पण गडकऱ्यांनी तळीरामाला गीता नावाची बायको दिली, आणि तिला तोंड दिलं. नाटकाची नायिका सिंधू सोसते, गीता बोलते. दोघींची दुःखं एकाच नाटकात, तळीरामाच्या विनोदाच्या शेजारीच ठेवली आहेत. त्यामुळे हसून झाल्यावर प्रेक्षकाला उठून जाता येत नाही.

‘डिफरंट स्ट्रोक्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेने १९८३ मध्ये हेच वेगळ्या विषयावर, मुलांच्या लैंगिक शोषणावर, केलं. ओळखीचा सायकल दुकानदार, गोड बोलणारा, मुलांना लाडीगोडी लावून नको तिथे ओढत नेणारा. दोन भागांची ती गोष्ट नेहमीच्याच घरात, नेहमीच्याच पोरांसोबत घडते, म्हणून ती आईबापांच्या अंगावर येते. वेगळी ‘गंभीर’ मालिका काढली असती, तर ज्यांनी बघायला हवी त्यांनी ती लावलीच नसती. विनोदी मालिकेचं बळ तेच आहे. तिला घरात यायला परवानगी लागत नाही. आजी, सून, शाळकरी नातू एकाच खोलीत ती बघतात, आणि एकमेकांसमोर जे बोलता येत नाही ते तिथे निदान ऐकलं तरी जातं.

आजच्या मराठी विनोदी कार्यक्रमांत दारुडा अजून आहे. तो झोकांड्या खातो, बायकोला घाबरण्याचं नाटक करतो, टाळ्या घेतो. बायको लाटणं घेऊन मागे धावते, आणि कोण कुणाला मारतं, हेच तिथे उलटं होतं. देवळीतल्या कुठल्याही वस्तीत लाटणं कुणाच्या हातात असतं आणि वळ कुणाच्या पाठीवर, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. लिहिणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. दारुड्याला ठेवा, त्याचा विनोदही ठेवा. फक्त त्याच्यामागे घरात शिरा. चूल, रिकामा डबा, दप्तर छातीशी धरून कोपऱ्यात बसलेला मुलगा हे दाखवा, आणि गीतेला तिची वाक्यं परत द्या. ती वाक्यं हसवणारी असली तरी चालतील. आमच्या गावातल्या बायका आपसांत बोलायच्या तेव्हा नवऱ्यांच्या अशा नकला करायच्या की मला हसू आवरायचं नाही. तो विनोद पडद्यावर अजून आलेला नाही.