पावसाळ्याआधी बकरीचे खूर पाहा

गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा लागते. धानाच्या बांध्या, भोवती जंगल आणि पावसाळ्याचे चार महिने चिखलच चिखल. अशा गावांतून ज्या घरी दोन-चार बकऱ्या आहेत, तिथे त्या घराची बचतच असतात. मुलांची फी, अचानक आलेले आजारपण, नाहीतर येणाऱ्या बकरी ईदसाठी राखलेला बोकड. चारापाणी, लस याची काळजी आपण घेतो. पायाकडे मात्र बकरी लंगडू लागल्यावरच लक्ष जाते.

बकरीचे खूर म्हणजे तिची नखेच. आपल्या नखांसारखी ती आयुष्यभर वाढतात. दगडाधोंड्यांवर चरणाऱ्या बकरीची ती आपोआप झिजतात. मऊ मातीत फिरणाऱ्या किंवा गोठ्यात बांधून ठेवलेल्या बकरीची झिजत नाहीत. मग खुराची कड लांबून तळव्याखाली दुमडते. त्या खाचेत शेण, माती आणि ओल साचते, जंतू वाढतात आणि खूर कुजू लागते. नख्यांच्या मधली जागा लाल होते, तिथून वाईट दुर्गंधी येते, बकरी पाय टेकत नाही. लंगडी बकरी कळपामागे राहते, पोटभर चरत नाही, दूध आटते आणि व्यापारी पाय पाहूनच भाव पाडतो.

कुर्बानीच्या जनावराबाबतही हे लक्षात ठेवावे. उघड लंगडे जनावर कुर्बानीस चालत नाही, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. बकरा एक वर्षाचा पूर्ण हवा, म्हणजे ईदपर्यंत त्याने एक पावसाळा काढलेलाच असतो. त्या पावसाळ्यात खुरे सांभाळली नाहीत, तर वर्षभराची मेहनत ऐन वेळी वाया जाऊ शकते.

दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरे तपासावीत. एकदा पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि एकदा तो संपताना तर अवश्य. उन्हाळ्यात खूर दगडासारखे कडक होते, तेव्हा आधी थोडा वेळ ओले करावे. काम दोघांनी करावे. एकाने बकरीला भिंतीशी उभी करून धरावे, दुसऱ्याने एकेक पाय मागे दुमडून घ्यावा. खूर कापायची कात्री नसेल तर डहाळ्या छाटायची धारदार कात्री चालते. बोथट हत्यार मात्र वापरू नये.

आधी खुरातली घाण टोकाने काढावी. मग तळव्याखाली दुमडलेली कड थोडी थोडी कापावी. वर जिथे केस संपतात, त्या रेषेला तळवा समांतर दिसू लागला की खूर नीट झाले. आत गुलाबी झाक दिसली की तिथेच थांबावे, पुढे जिवंत भाग आहे. फार वाढलेले खूर एकाच दिवशी बरोबर करण्याचा हट्ट धरू नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडे घ्यावे. रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आयोडीनचे औषध लावावे आणि जखमेवर माशी बसू देऊ नये. पावसाळ्यात अशा जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही. शेवटच्या महिन्यातल्या गाभण बकरीला या कामासाठी धरून ओढाताण करू नये. कुजलेल्या पायाला वापरलेली कात्री धुऊन, निर्जंतुक करूनच दुसऱ्या बकरीला लावावी.

खूरकुजीवर पायांची आंघोळ उपयोगी पडते. धानाला टाकतात ते झिंक सल्फेट दहा लिटर पाण्यात एक किलो विरघळवावे आणि पसरट टबात खुरे बुडतील इतके घ्यावे. त्यात बकरीला दहा-पंधरा मिनिटे उभे करून नंतर तासभर कोरड्या जागी ठेवावे. हे पाणी तिने पिऊ नये, म्हणून आधीच तहान भागवावी. गोठ्यात एखादा कोपरा तरी उंच व कोरडा असावा. ओल राहिली तर औषध फारसे टिकत नाही.

पण प्रत्येक लंगडणे खूरकुजीचे नसते. तोंडातून लाळ गळत असेल, ताप असेल, तोंडात आणि नख्यांमध्ये फोड असतील, तर ती लाळ्या खुरकूत असू शकते. तेव्हा खुराला हात न लावता जनावर वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फिरत्या पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.

शहरातल्या काही घरांत मुले हॅमस्टर पाळतात. नियम तिथेही तोच. नखातली गुलाबी रेषा सोडून फक्त पारदर्शक टोक कापावे. पिंजऱ्यात एक खडबडीत सपाट दगड ठेवला, तर कापण्याची वेळच कमी येते. मुलाने एकट्याने हे करू नये, मोठ्या माणसाने हातात हळुवार धरावे.

मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद आपल्याला आहे. बकरीला पाय दुखतो हे सांगता येत नाही. या जुम्याच्या सुट्टीत किंवा रविवारी मुलांना सोबत घेऊन गोठ्यातल्या प्रत्येक बकरीचे चारही पाय उचलून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे, इन्शाअल्लाह पूर्ण पावसाळा निभावेल.