दुबळा जंतू, जबर भीती

‘जुजाम’ म्हणजे कुष्ठरोग. आपल्या घरांत हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. रिश्त्याची बोलणी चालू असताना तर हटकून. म्हणून या महिन्यात आम्ही त्याच्या जंतूचीच ओळख करून देत आहोत.

नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण फार दुबळा. २००१ मध्ये त्याची जनुके वाचली गेली, तेव्हा सुमारे १,६०० चालू आणि १,१०० हून अधिक निकामी निघाली. क्षयाच्या जंतूची चालू जनुके ४,००० च्या आसपास आहेत. लोह मिळवण्याची, अन्नातून ऊर्जा काढण्याची बरीच साधने तो गमावून बसला आहे. त्यामुळे जिवंत पेशीत शिरूनच तो जगतो. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर वाढलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच लागण झाल्यावर डाग दिसायला पाच, कधी वीस वर्षेही जातात. थंडावा त्याला मानवतो, म्हणून तो त्वचा, कानाची पाळी आणि त्वचेजवळच्या नसा धरतो. नस बधिर झाली की चटका कळत नाही आणि जखमा चिघळतात.

फोलिक आम्ल मात्र तो स्वतःच बनवतो. डॅप्सोनची गोळी नेमके तेच अडवते. रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन जोडीला असतात. जंतू संथ असल्याने गोळ्या ६ किंवा १२ महिने घ्याव्याच लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. उपचार सुरू होताच रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते.

आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्या बधिर डाग ओळखू लागल्या आणि रुग्ण गावातच, आपल्या माणसांत राहून बरे होऊ लागले.

कायदाही बदलला आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला तलाक मागण्याचे एक कारण होते. २०१९ मध्ये ते वगळले गेले. घरातली भीती मात्र आपल्यालाच काढावी लागेल.

अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत मिळते. पांढरे कोड, म्हणजे ‘बरस’, हा वेगळा आजार. तो कोणाला लागत नाही. शिफा अल्लाह देतो. वेळेवर इलाज करणे आणि आजारी माणसाला दस्तरखानावर आपल्या शेजारी बसवणे, हे आपले काम.