उसनी ऊब
जॅक लंडन यांच्या 'टू बिल्ड अ फायर' (१९०८) या कथेतील प्रवासी युकॉनच्या थंडीत मरतो, तो केवळ शेकोटी विझली म्हणून नव्हे. एकट्याने न जाण्याचा अनुभवी म्हाताऱ्याचा सल्ला त्याने हसण्यावारी नेलेला असतो. बॅटरीवर तापणारे जॅकेट घालून हिमप्रदेशात भटकणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता कडाक्याच्या थंडीत घटते. म्हणून जादा बॅटरी अंगालगत जपावी लागते. जी ऊब देणार, तिलाच आधी आपली ऊब द्यायची! माझा विरोध जॅकेटला नाही. त्याच्या भरवशावर लोकरीचे कपडे घरी ठेवण्याला आहे. ऊब यंत्राकडून उसनी घेता येते. माघारी केव्हा वळावे, हा विवेक मात्र स्वतःचाच असावा लागतो.