कथा, रांग आणि थांबलेली गाडी

थीम पार्कचे व्यवस्थापन हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे असे सांगितले की आपल्याकडे, विशेषतः भाषा विभागांत, एक सूक्ष्म हसू उमटते. जत्रेतला पाळणा फिरवायला कुणी पदवी घेतली होती काय, असा त्या हसण्याचा आशय. या हसण्यात आम्हांस सामील होता येत नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. अशा उद्यानांच्या सहली करत वाढलेली मुले आज आमच्या वर्गांत बसतात आणि त्यांतली काही या शिक्षणाची गंभीरपणे चौकशी करतात. फ्लोरिडातील ऑरलँडो येथे, जेथे १९७१ साली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेथील रोझेन महाविद्यालयात हा विषय रीतसर शिकवला जातो, हेही त्यांना ठाऊक असते.

त्यांचा युक्तिवाद असा, की थीम पार्क म्हणजे चालतीबोलती कथा. मग साहित्याच्या विद्यार्थ्याला तेथे स्थान का नसावे? हे म्हणणे निराधार नाही. नेदरलँड्समधील एफ्टेलिंगचे परीकथावन १९५२ साली खुले झाले, त्याची कल्पनाचित्रे आंतोन पीक या चित्रकाराची. तेथे एका डच बालगीतातला खादाड गेइस तोंड वासून बसलेला असतो. तो कागद मागतो, मुले धावत जाऊन त्याच्या तोंडाशी कागद धरतात, तो ते आत ओढून घेतो आणि आभार मानतो. ही कचरापेटी आहे. ‘कचरा टाकू नका’ अशा शंभर पाट्यांनी जे साधले नसते ते एका बालगीताने साधले. लोककथेच्या उपयोजनाचे याहून चांगले उदाहरण आम्हांस वर्गात देता आलेले नाही.

आणि तरीही, साहित्याचे अध्यापक असून आम्ही म्हणतो, की या शिक्षणाचा कणा कथा हा नव्हे. तो कणा रांगेत आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसात आहे.

रांगेचे पाहा. रिकामा वेळ हा गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, हे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावरील लेखात मांडले. वळणावळणाच्या आणि सजवलेल्या रांगांमागे हेच तत्त्व आहे. डिस्नेने १९९९ साली फास्टपास आणला, तेव्हा ठरावीक वेळी परत येण्याची चिठ्ठी विनामूल्य मिळे. २०२१ पासून अमेरिकेतील त्यांच्या उद्यानांत रांग टाळण्याची सोय पैसे मोजून घ्यावी लागते. ज्याच्यापाशी जादा पैसे नाहीत तो शेजारून पुढे जाणाऱ्यांकडे पाहत उभा राहतो. हा निर्णय व्यवस्थापकाचा, आणि तो नुसत्या नफ्याच्या तक्त्यावरून शिकवू नये असे आमचे मत आहे. (देवदर्शनाच्या सशुल्क रांगा पाहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.)

यंत्राचे प्रकरण याहून गंभीर. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे ‘स्माइलर’ या रोलर कोस्टरची एक रिकामी गाडी चाचणीच्या फेरीत वाटेतच अडकली. नियंत्रण यंत्रणेने पुढची गाडी रोखून धरली, म्हणजे तिने आपले काम चोख केले होते. तंत्रज्ञांना मात्र रिकामी गाडी अडकल्याचे ध्यानात आले नाही. यंत्रणेतच बिघाड आहे असे समजून त्यांनी तिचा थांबा बाजूला सारला आणि सोळा प्रवाशांची गाडी त्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. २०१६ साली चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. तपासात रुळांत किंवा गाड्यांत दोष आढळला नाही; तंत्रज्ञांना घालून दिलेली कार्यपद्धतीच अपुरी होती. त्या दिवशी कथा, सजावट, संगीत सारे जागच्या जागी होते. नव्हती ती एवढीच गोष्ट: यंत्र ‘थांब’ म्हणते तेव्हा आधी रूळ डोळ्यांनी पाहून यावे, हा पक्का नियम.

त्यातून हा व्यवसाय हसऱ्या चेहऱ्यांचा. डिस्नेच्या परिभाषेत कर्मचारी हा ‘नटसंचातला’ असतो आणि गिऱ्हाईक ‘पाहुणा’. आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या अभ्यासातून ज्याला भावनिक श्रम म्हटले, ते येथे दिवसभर चालतात. मागे रांग खोळंबलेली, समोर रडवेली मुले, चेहऱ्यावर स्मित बंधनकारक; अशा वेळी पाळणा बंद ठेवण्याचा निर्णय घ्यायला धैर्य लागते, आणि ते हंगामी नोकराला एकट्याने दाखवता येत नाही. त्याच्या पाठीशी कुणी तरी उभे असावे लागते.

म्हणून चौकशीस येणाऱ्या मुलांना आम्ही संस्थांची माहितीपत्रके बाजूला ठेवायला सांगतो आणि तीन प्रश्न लिहून देतो. प्रत्यक्ष पाळण्यापाशी किती आठवडे काम करावे लागेल? अपघातांचे चौकशी अहवाल वर्गात वाचले जातात का? आणि गर्दीच्या दिवशी पाळणा थांबवणाऱ्या मुलाची बाजू व्यवस्थापकाने कशी घ्यावी, हे कोणत्या सत्रात शिकवतात?